नववी-दहावीचे तीन व्यवसायगट: वेळापत्रक कसं बसवायचं?

जालना_शाळा
तालुक्याच्या गावची अनुदानित शाळा आहे, पाचवी ते दहावी. नववी-दहावीच्या तीन-तीन तुकड्या, तुकडीत साधारण ६० मुलं. जूनपासून शेतीप्रक्रिया, यंत्र-वाहन आणि आरोग्यसेवा असे तीन व्यवसायगट करायचे आहेत, म्हणजे नेहमीचे विषय त्या व्यवसायाशी जोडून शिकवायचे. प्रत्येकात नववीची एक आणि दहावीची एक तुकडी. बोर्डाचे विषय तेच राहतील. शिक्षक वाढणार नाहीत. वेळापत्रक कसं करायचं, आणि मुलं गटांत कशी वाटायची?

तासिका_प्रमुख
संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, पटावर होते, गटांवर नाही. आहे त्या शिक्षकांतच भागवायचं. नेहमीचं वेळापत्रक करून वरून गट चिकटवले तर ते कागदावरच राहतात. क्रम उलटा धरा. आधी प्रत्येक गटाला मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान असे चार शिक्षक पक्के करा. मग त्या चौघांची आठवड्यातली एक सामाईक मोकळी तासिका मांडा. त्यानंतर प्रात्यक्षिकाच्या दोन सलग तासिका, आणि बाकीचं शेवटी. हिंदी, समाजशास्त्र, पीटीचे शिक्षक तिन्ही गटांना एकच चालतात. गणिताच्या शिक्षकाचा कार्यभार दोन तुकड्यांत पुरा होत नाही. उरलेल्या तासिका पाचवी ते आठवीत द्या, दुसऱ्या गटात देऊ नका.

घोळ होतो तो बदली तासांवर. कुणी रजेवर गेलं की पर्यवेक्षकांची नजर नेमकी या मोकळ्या तासिकेवर पडते, आणि दिवाळीपर्यंत चौघांची बैठक बंद पडलेली असते. बदली तासांच्या वहीत ती तासिका लाल शाईने वर्ज्य करून ठेवा. चौघं एकत्र बसलेच नाहीत, तर गट म्हणजे नुसतं तुकडीचं नवं नाव.

वर्कशॉप_संभाजीनगर
६० मुलं एका यंत्राभोवती उभी केली तर पुढच्या दहांनाच दिसतं. १५-१५ च्या चार बॅच करा: एक यंत्रावर, एक मोजमापाला, एक आकृतीला, एक नोंदवहीला, आठवड्याला फिरवा. मोजमापातच विषय जुळतात. विज्ञान प्रयोगशाळेच्या व्हर्नियर कॅलिपरचं लघुतम माप (त्याने मोजता येणारं सर्वांत लहान अंतर) बहुधा ०.०१ सेंमी, म्हणजे ०.१ मिमी असतं, वर्कशॉपमधल्याचं ०.०२ मिमी. एकाच बोल्टचा व्यास दोन्हींनी मोजायला लावा आणि त्याच आठवड्यात गणितात दशांश व चूक-मर्यादा घ्या. हे ठरतं ते त्या मोकळ्या तासिकेतच.

वाळूजच्या कारखान्यांत किंवा जालन्याच्या रोलिंग मिलला नेणार असाल तर फक्त बघायला. १८ वर्षांखालच्या मुलांना धोकादायक प्रक्रियेत कामाला लावणं कायद्याने बंद आहे.

बीड_पर्यवेक्षक
गुणांवर गट करू नका. केलेत तर सहामाहीपर्यंत एक गट हुशारांचा आणि एक उरलेल्यांचा होतो, आणि पालकही तेच बोलू लागतात. प्रत्येकाकडून तीन पसंती क्रमाने लिहून घ्या, यादी करा, मग तीन गोष्टी तपासा: आठवीचे गुण, मुली-मुलं, बाहेरगावहून येणारी मुलं. आरोग्यात सगळ्या मुली आणि यंत्रात सगळी मुलं दिसली तर यादी लावण्याआधी पालकसभा घ्या.

प्रात्यक्षिक शेवटच्या तासांना ठेवू नका. एसटीची मुलं निघून जातात. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आसपास निघतात आणि कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, परततात. हंगामी वसतिगृहात न राहिलेल्या मुलांचं मधलं सगळं बुडतं. म्हणून हत्यारं, सुरक्षितता, मोजमाप हे मूळ भाग जून ते सप्टेंबरमध्येच संपवा.

जालना_शाळा
पालकांना निकाल वाढेल असं सांगता येईल का?

तासिका_प्रमुख
नको. व्यवसायगटांची ही पद्धत (तिकडे ‘करिअर अकॅडमी’) अमेरिकेत फिलाडेल्फियात १९६९ मध्ये विजेच्या कामाच्या गटापासून सुरू झाली. तिच्यावरच्या मोठ्या अभ्यासाचा २००८ चा अहवाल सांगतो की शालेय शिक्षण संपल्यानंतरच्या आठ वर्षांत या मुलांची कमाई सरासरी सुमारे ११ टक्क्यांनी जास्त राहिली, पण परीक्षेच्या गुणांत फरक पडला नाही. पालकसभेत दोन्ही सांगा. शिवाय अकरावीची विज्ञान शाखा कोणत्याच गटामुळे बंद होत नाही, हे लेखी द्या. पहिला प्रश्न तोच येतो.