मदत हवी आहे: पैशांच्या नियोजनाचं पुस्तक ठेवू की परत करू? उद्या शेवटचा दिवस

वेर्णा_शिफ्टवाला: ऑनलाइन मागवलं, 499 रुपये. चाळीस पानं झाली तरी लेखक स्वतःचीच गोष्ट सांगतोय. परत करायची मुदत उद्या संपते. पुढे काही हाती लागेल का? जेवून नाईट शिफ्टला निघायचंय, पटकन सांगा.

तिसवाडीकर: कुठलं पुस्तक ते तरी सांग बाबा.

वेर्णा_शिफ्टवाला: नाव घेतलं की इथे भांडणं लागतात. असंच सांगा.

हिशेबनीस: राहू दे नाव. शेअर आणि इक्विटी फंडांच्या दीर्घकालीन नफ्यावर कर किती छापलाय बघ. 10 टक्के असेल तर मजकूर 23 जुलै 2024 च्या आधीचा. आता सव्वा लाखाच्या वर 12.5 आहे. मग शेवटचं पान उघड. माझ्याकडच्या एकात तिथे क्यूआर कोड होता, स्कॅन केला तर 4,999 ची कार्यशाळा!

वेर्णा_शिफ्टवाला: कराचं काहीच नाही. 'चारशे एक के' खात्यात पैसे टाका म्हणतोय. ते आपल्या बँकेत उघडतात का?

हिशेबनीस: अरे, ते अमेरिकेतल्या नोकरदारांचं निवृत्तीचं खातं! भाषांतर आहे हे आत्ता सांगतोस? आपल्याकडे त्या जागी तुझा पीएफ.

कुळागरवाली: भाषांतर म्हणून टाकाऊ नसतं हो. रोजचा खर्च लिहायची सवय मला अशाच एका पुस्तकाने लावली.

पॉलिसीवाले_काका: पुस्तकं कशाला? एंडोमेंट पॉलिसी घ्या. विमाही, बचतही. मेसेज करा.

हिशेबनीस: काका, परतावा किती? सरकारी बचतीचं पीपीएफ खातं एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के देतंय, तेवढा तरी?

पॉलिसीवाले_काका: परतावा म्हणजे सगळं नव्हे.

कुळागरवाली: शिफ्टवाला, लग्न झालंय का?

वेर्णा_शिफ्टवाला: झालंय. त्याचा इथे काय संबंध?

कुळागरवाली: गोव्यात आहे. आपल्या नागरी कायद्यात वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक. म्हणून 1961 च्या आयकर कायद्यात कलम 5ए घातलं. पगार ज्याचा त्याचा, पण एफडीचं व्याज, घरभाडं दोघांच्या रिटर्नमध्ये अर्धं अर्धं. आम्ही तीन वर्षं सगळं व्याज ह्यांच्याच नावावर दाखवत होतो, सीएने कान उपटले. मी वाचलेल्या एकाही पुस्तकात हे नव्हतं.

तिसवाडीकर: पणजीत पाटोला कृष्णदास शामा ग्रंथालय असताना विकत घ्यायचंच कशाला? आधी तिथे चाळायचं.

पॉलिसीवाले_काका: पाटोला गाडी कुठे लावणार? परवा अर्धा तास फिरलो.

हिशेबनीस: काका, पार्किंगचा धागा वेगळा आहे. शिफ्टवाला, कर्ज काही?

वेर्णा_शिफ्टवाला: बाईकचा हप्ता. क्रेडिट कार्डावर 38 हजार, मिनिमम भरतो दर महिन्याला.

हिशेबनीस: हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के, वर्षाचं चाळीसच्या घरात. कर्जावर प्रकरण आहे का त्यात?

वेर्णा_शिफ्टवाला: सातवं. लहान कर्ज आधी फेडा म्हणतोय, म्हणजे हुरूप येतो.

हिशेबनीस: चूक. जास्त व्याजाचं आधी.

कुळागरवाली: हुरूपच नसेल तर गणित घेऊन काय करायचं? मी लहान कर्ज आधी फेडूनच सुटले.

हिशेबनीस: आणि व्याज किती जादा भरलंत?

वेर्णा_शिफ्टवाला: भांडू नका. जेवता जेवता सातवं वाचत होतो, पानावर माशाचं हुमण सांडलं. आता परत घेत नाहीत ना?

तिसवाडीकर: बांगड्याचं की सुंगटांचं?