लढाई संपली, रजा मात्र लांबली : फौजी घरांचे अनुभव

लढाई चालू असताना घरची आठवण काढायला सवड नसते, ती छळू लागते ती तोफा थांबल्यावर, परक्या मुलखात हजेरी, पहारा आणि लंगर एवढेच उरल्यावर, असे जुने फौजी सांगत. आपल्या घरांनी पराक्रमाच्या कथा जपल्या. हा काळ मात्र बहुधा सांगितलाच नाही. तो आपल्या किंवा आपल्या वडीलधाऱ्यांच्या वाट्याला कसा आला, ते येथे लिहावे. मोहिमांचा इतिहास नको. टपाल, दिनक्रम आणि मागे राहिलेल्या बाईची बाजू हवी. सुरुवात मीच करतो.

माझे आजोबा जंगी पलटणीत, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, होते. एप्रिल १९४५ मध्ये इटलीतील सेनिओ नदीवर ज्या पलटणीच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, तीच ही पलटण. इटलीहून परतल्यावर मिळालेल्या रजेत आजोबांचे लग्न झाले आणि अंगाची हळद उतरते न उतरते तोच, १९४६ मध्ये, पलटण पराभूत जपानचा ताबा सांभाळणाऱ्या फौजेत रवाना झाली. तेथे लढाई नव्हती. संचलन होते, गस्त होती आणि लांबच लांब संध्याकाळ होती. त्यांची पत्रे पणजोबांच्या नावाने येत आणि शाळामास्तर ती ओसरीवर सगळ्यांसमोर वाचून दाखवीत, त्यामुळे बायकोची चौकशी करण्याची सोय नव्हती. मग प्रत्येक पत्रात एक वाक्य हमखास असे : म्हैस कशी आहे, वैरण नीट खाते का? म्हशीची धार आजीच काढत असे, हे सर्वांना ठाऊक होते. पणजोबाही दर वेळी मास्तरांना सांगून उत्तर लिहवून घेत की म्हैस उत्तम आहे, काळजी नसावी. ती म्हैस पहिल्याच पावसाळ्यात विकली गेली होती, हे आजीने आम्हांला तिच्या म्हातारपणी सांगितले. सासऱ्यांनी विकलेल्या म्हशीची खुशाली वर्षभर कळविली.

*

माझे वडील १९५३ मध्ये कोरियाला गेले. युद्धबंदी झाली होती आणि मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांना सांभाळण्याचे काम भारतीय फौजेकडे आले होते. फौजेचे प्रमुख मेजर जनरल थोरात होते. दक्षिण कोरियाच्या सरकारने आपल्या भूमीवर भारतीय सैनिकांना पाऊल ठेवू दिले नाही, म्हणून जहाजावरून हेलिकॉप्टरने त्यांना थेट दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेण्यात आले. घरी जायला मिळावे एवढीच ज्याची इच्छा होती, अशा माणसाने कडाक्याच्या थंडीत तारेच्या कुंपणाबाहेर उभे राहून, घरी जायचे नाही म्हणून घोषणा देणाऱ्यांवर पहारा करायचा, हा त्यांचा दिनक्रम होता. त्या कैद्यांपैकी कित्येकांची बायकापोरे मागे होती, हे ते पुनःपुन्हा सांगत आणि तेथेच थांबत. 'त्यांच्या जागी मी असतो तर', असे मात्र कधी म्हणाले नाहीत.

त्या वेळी तेथील टपालासाठी भारतीय तिकिटांवर 'भारतीय संरक्षा कटक कोरिया' असे छापलेले असे. आईला अक्षरे जुळवून वाचण्यापुरते येत होते. कटक म्हणजे सैन्य, हे तिला कोण सांगणार? तिने तिकीट वाचले आणि वडील ओरिसातल्या कटकला आहेत, सरकार ते लपवीत आहे, असे ठरवून टाकले. पुढे किती तरी दिवस तिने शेजारणींना 'रेल्वेने जाता येते' असे सांगितले. वडील १९५४ मध्ये परतल्यावर हे कळले तेव्हा ते हसले, आणि नंतर, आईच्या म्हणण्यानुसार, बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

*

मी निवृत्त हवालदार आहे. २००६ च्या युद्धानंतर दक्षिण लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीखाली मी पशुवैद्यकीय पथकाबरोबर होतो. गावांतील शेळ्यामेंढ्यांना लस टोचणे, जखमा बांधणे हे काम. ऑलिव्हच्या बागांत न फुटलेले छोटे बॉम्ब पडलेले असत, त्यामुळे कळप कोणत्या वाटेने न्यायचा, हे आधी विचारावे लागे. फोनची सोय होती, म्हणजे वरील दोन्ही वडीलधाऱ्यांपेक्षा मी सुखी असायला हवे होते. परंतु उन्हाळ्यात अडीच तास आणि हिवाळ्यात साडेतीन तास पुढे असलेल्या घरी मी मोकळा होईपर्यंत निजानीज झालेली असे, आणि रोज बोलता येते म्हटल्यावर बोलायलाच काही सुचत नसे. 'जेवलीस का', 'जेवले', 'पोरं झोपली का', 'झोपली'. पत्र लिहिले असते तर अधिक लिहिले असते, असे मला आजही वाटते. परतल्यावर बँक, गॅस, शाळेची फी यांतले काहीच माझ्यावाचून अडलेले नाही, हे दिसले. अभिमान वाटला, असे सांगायला हवे. त्या दिवशी तो वाटला नाही.

*

वरील हवालदारसाहेबांसाठी, एका फौजीच्या बायकोकडून. आमचे हे दक्षिण सुदानमध्ये असताना फोनवर काय सांगायचे, याची यादी मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागून लिहीत असे : मुलाचा ताप, छताची गळती, सासूबाईंचे पडणे. फोन आला की 'सगळे ठीक' म्हणत असे. बदलीच्या सामानात ती वही यांच्या हाती लागली. त्यांनी प्रत्येक ओळीसमोर आता विचारले आणि मी आता उत्तर दिले. त्याला दोन रविवार लागले.