खोपा नर विणतो हे कळल्यापासून सुगरणीची कविता म्हणताना अडखळायला होतं

संत्रानगरीकर:
मंडळी, हा प्रश्न खूप दिवसांपासून मनात घोळून राहिला म्हणून विचारतो. शाळेत बहिणाबाईंची सुगरणीची कविता पाठ होती, आणि माझी आजी काटोलकडची, ती 'झाडाले', 'घराले' असंच बोलायची, त्यामुळे 'जीव झाडाले टांगला' हे मला कधी पुस्तकातलं वाटलंच नाही, आजीच बोलून राहिली असं वाटायचं. आता गेल्या पावसाळ्यापासून मित्रासोबत रविवारी सकाळी गोरेवाड्याला पक्षी बघायला जातो. तिथे एकाने सांगितलं की खोपा मादी विणतच नाही, नर विणतो. घरी येऊन वाचलं तर खरंच तसंच. तेव्हापासून ती कविता मनात आली की मधेच थांबायला होतं. कोकिळेचंही तेच, आंब्यावर गातो तो काळा कोकीळ, मादी तपकिरी, अंगभर ठिपके, आणि तिचा आवाज नुसता किक-किक. माहिती पण हवी आहे आणि कविता पण सोडवत नाही. तुम्ही लोक हे दोन्ही एकत्र कसं सांभाळता?

बाभूळबन:
दादा, माझं माहेर नरखेडकडचं, आमच्या विहिरीवर एक बाभूळ वाकलेली होती आणि तिला पावसाळ्यात वीसेक खोपे लटकायचे. मी लहानपणी काठावर बसून तासन्‌तास बघायची. तो पिवळ्या डोक्याचा नर ज्वारीच्या पानाच्या कडेला चोचीने बारीक चीर देतो, टोक चोचीत धरतो आणि उडतो, की पानाची लांब दोरीसारखी पट्टी निघून येते. अशा शेकडो फेऱ्या. खोपा अर्धा झाला, म्हणजे उलट्या टोपीसारखा दिसायला लागला, की तो हात थांबवतो आणि त्याला लटकून पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, इकडून तिकडून ओढून बघते, नाही पटलं तर निघून जाते. पटलं तरच तो खालची नळी विणून खोपा पूर्ण करतो.

पण पुढचं ऐका ना. ती एकदा आत बसली की हा बहुतेक वेळा दुसरा खोपा घेतो विणायला, दुसऱ्या मादीसाठी. अंडी उबवायची तिने, पिलांना अळ्या-किडे आणून भरवायचे ते पण जवळपास सगळं तिनेच, तेही वाऱ्यावर हलणाऱ्या त्या घरात, खाली विहिरीचं पाणी. आता सांगा, जीव कोणाचा टांगलेला आहे? बहिणाबाई ऐन तिशीत विधवा झाल्या, पदरात तीन लेकरं, शेतातली कामं. लिहिता येत नव्हतं त्यांना, ओव्या तोंडात होत्या, त्या घरच्यांनी उतरवून घेतल्या आणि पुस्तक आलं 1952 ला, त्या गेल्यानंतर. विणणारा कोण हे कदाचित चुकलं असेल, पण खोप्याच्या आत काय चाललंय हे त्यांना चुकलं नाही असं मला अगदी मनापासून वाटतं.

निवृत्त मास्तर:
ताईंनी विहिरीचं फार सुंदर लिहिलं, पण शेवटचा मुद्दा मला पूर्ण पटत नाही. माहितीने कविता खरी ठरली म्हणून ती चांगली, असं धरलं तर उद्या जी खरी ठरणार नाही ती टाकून द्यायची का? चातक घ्या. फक्त पावसाचं पाणी पितो म्हणून किती पिढ्या लिहीत आल्या. प्रत्यक्षात तो केसाळ सुरवंट खातो, अंडी सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात घालतो आणि पिल्लं ते बिचारे सातभाई वाढवतात. तरी पण तो आपल्याकडे मोसमी वाऱ्यांसोबतच येतो, आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून, म्हणजे आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाने चातक आणि पाऊस यांची सांगड घातली ती उगाच नाही. आणि पावशाचं काय, त्याच्या आवाजात आपल्या शेतकऱ्याला 'पेरते व्हा' ऐकू येतं. पक्षी काही पेरणीबद्दल सांगत नसतो, तो मादीला बोलावत असतो. पण जूनमधे जमीन तापलेली, बियाणं घरात येऊन पडलेलं आणि रात्रीसुद्धा तो ओरडतोय, तेव्हा ते दोन शब्द ज्याला ऐकू आले तो माझ्या दृष्टीने कवीच, त्याचं नाव कोणाला माहीत नाही एवढंच. मी वर्गात आधी कविता म्हणायचो आणि मग मुलांना खिडकीशी नेऊन कडुलिंबावरचा तांबट दाखवायचो. टुक टुक ऐकलेलं सगळ्यांनी, बघितलेला एकानेही नाही. हिरव्या पानांत तो हिरवा पक्षी, कपाळावर लाल ठिपका, एकदा दिसला की मुलं पुढचा तास जागची हलायची नाहीत.

फुटाळा सकाळ:
खोपे बघायला जुलै ते सप्टेंबर बेस्ट. शहर सोडलं की शेतातल्या विहिरी, शिंदीची झाडं बघत चला. फक्त मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका आणि सीझन चालू असताना खोपा तोडून घरी सजवायला तर अजिबात आणू नका, लोक आणतात, आत पिल्लं असतात हो.

संत्रानगरीकर:
सगळ्यांचे आभार. मास्तर, पावशाचं वाचून काल रात्री झोपच लागली नाही. आज सकाळी मुद्दाम काटोल रोडने गेलो, एका बाभळीखाली वादळात गळलेला जुना खोपा पडलेला होता, रिकामा, तो उचलला. वजन असं काही नाहीच हातात, पण गवताची एक काडी ओढून बघितली तर निघेना, इतके पक्के वेढे. आत बोट घातलं तर भिंतीला वाळलेला चिखल लागला, आजी चूल सारवायची ना तसा, बोटांनी थापल्यासारखा. तो नराने लावला की मादीने हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही. खोपा परत तिथेच ठेवून आलो. बाभूळबन ताई, तुमच्या विहिरीवर ती बाभूळ अजून आहे का? असेल तर येत्या पावसात आईला घेऊन यायचं आहे, तिला ती कविता अजून पूर्ण पाठ आहे.