‘पकड’ वेगळी, ‘रोखणे’ वेगळे : प्रतिजैविकांच्या चाचणीतले शब्द

प्रश्न : नव्या प्रतिजैविकांच्या चाचण्यांवरचा एक लेख बारावीच्या मुलांसाठी मराठीत करते आहे. ‘बाइंडिंग’ला बंधन आणि ‘इनहिबिशन’ला प्रतिबंध लिहिलं. पण वाचताना दोन्ही एकच वाटतं : संयुगाने बांधलं, म्हणजे जीवाणू थांबला. शब्द सुचवाल का?

उत्तर : ताई, तुमची शंका रास्त आहे, कारण या दोन निराळ्या चाचण्या आहेत. पहिलीत अख्खा जीवाणू नसतोच. त्याच्यातला एक रेणू, म्हणजे लक्ष्य, वेगळा घेतात आणि संयुग त्याला किती घट्ट धरतं ते मोजतात. दुसरीत जिवंत जीवाणू असतात आणि त्यांची वाढ थांबते का ते बघतात.

पहिलीसाठी मी ‘पकड’ म्हणेन. ‘बंधन’ म्हटलं की मुलांना सहसंयुज बंध, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेऊन होणारा पक्का बंध, आठवणार. पेनिसिलिन आपल्या लक्ष्याशी तसा बंध करतंही. व्हँकोमायसिन मात्र हायड्रोजन बंधांनी धरतं आणि सोडूही शकतं. ‘पकड’ दोघांनाही चालते.

व्हँकोमायसिनचंच उदाहरण लेखात घ्या. पेशीभित्तिका बांधायच्या कच्च्या मालाच्या टोकाला डी-अ‍ॅलनिन या अमिनो आम्लाचे दोन रेणू असतात, ती जोडी हे औषध धरतं. काही एन्टरोकॉकस जीवाणूंनी शेवटच्या अ‍ॅलनिनच्या जागी लॅक्टेट बसवलं आणि पकड सुमारे 1000 पट सैल झाली. औषध तेच, पण निरुपयोगी. आता उलटं बघा. ई. कोलायमध्ये ती डी-अ‍ॅलनिनची जोडी जशीच्या तशी आहे, पण त्याच्या बाहेरच्या पटलातून एवढा मोठा रेणू आत जात नाही. लक्ष्य मोकळं मिळालं असतं तर पकड घट्ट बसली असती. जीवाणू मात्र वाढतच राहतो. दोन्हींना एकच शब्द वापरला तर हे मुलांना सांगायचं कसं?

दुसरं उत्तर : ‘इनहिबिशन’बद्दल थोडं. ‘प्रतिबंध’ घडण्याआधीचा असतो, म्हणून लस रोगप्रतिबंधक. ‘प्रतिरोध’ नकोच, तो जीवाणू औषधाला करतो. ‘निरोध’ अर्थाने अगदी नेमका, योगशास्त्रातला चित्तवृत्तींचा निरोध तोच. पण 1968पासून ते सरकारी कंडोमचं नाव आहे, वर्गात शब्द टिकणार नाही. नुसता ‘रोध’ विजेच्या ‘रेझिस्टन्स’कडे गेला. मी सरळ ‘वाढ रोखणे’ लिहितो. एमआयसीला, म्हणजे वाढ रोखायला पुरेल अशा औषधाच्या सर्वांत कमी प्रमाणाला, ‘किमान रोधक संहती’ चालेल. ‘संहती’, म्हणजे द्रावणातलं पदार्थाचं प्रमाण, मुलांना पाठ्यपुस्तकातून माहीत आहे. विशेषण म्हणून ‘रोधक’ खटकत नाही.

प्रश्न : मग हे वाक्य बघा : ‘खणाखणांच्या प्लेटमध्ये औषधाची संहती 64, 32, 16, 8 अशी निम्म्याने उतरवतात, प्रत्येक खणात सारखेच जीवाणू घालतात आणि 35 अंशांना 16 ते 20 तास ठेवतात. ज्या सर्वांत कमी संहतीला खण गढूळ न होता स्वच्छ राहतो, तिथे जीवाणू नष्ट झाले.’

उत्तर : ‘गढूळ’ छान, प्रयोगशाळेत आम्हीही तोच शब्द वापरतो. आकड्यांपुढे ‘मिलिलिटरला मायक्रोग्रॅम’ घाला. शेवटचे शब्द मात्र बदला : ‘तिथे जीवाणूंची वाढ रोखली गेली’. मेले की नुसते थांबले, ते स्वच्छ खण बघून कळत नाही. त्यातला थेंब औषध नसलेल्या पोषक माध्यमाच्या प्लेटवर पसरून पुन्हा वाढवावा लागतो. सुरुवातीला घातलेल्यांपैकी हजारात एकाहून जास्त जगले, तर त्या संहतीला ‘जीवाणुनाशक’ म्हणत नाहीत.