पटखेळाच्या खोक्याचं झाकण अडकतंय आणि वाकतंय, मापं कशी धरू?

सोंगटी४२, परळ
घरी केलेल्या खेळाच्या २० प्रती करायच्या आहेत. पट ३६ × ३६ सेंमी, चौघडी घातली की १८ × १८. पत्ते ५४ (६३ × ८८ मिमी), सोंगट्या ४०, फासे २, नियमपुस्तिका ए५. खोका झाकण-तळ असा दोन भागांचा, २ मिमी कप्पा बोर्डाचा (बाइंडिंगचा कडक पुठ्ठा). नुसत्या पुठ्ठ्याचं झाकण बसतं, कागद चढवला की अडकतं. दुसऱ्या दिवशी वरचा भाग मधोमध खोलगट होतो. कव्हर १२ × १८ इंची डिजिटल प्रिंटवरच बसवायचंय.

कटरवाला
मापं आतून बाहेर काढत जा. पट १८० मिमी, म्हणून तळ आतून १८४. तळपट्टी १८४ × १८४, भिंती दोन १८४ × ४२ आणि दोन १८८ × ४२. बाहेरून झाला १८८. झाकण आतून १९१ धरा, म्हणजे वरची पट्टी १९१ × १९१, भिंती दोन १९१ × ३५ आणि दोन १९५ × ३५. तळावरचा कागद आणि झाकणाच्या आत दुमडलेला कागद मिळून दर बाजूला जवळपास अर्धा मिमी खातात. तुमचं अडकणं तिथलंच आहे. ३ मिमीच्या फरकात दर बाजूला साधारण १ मिमी हवा उरते. झाकण वर ठेवून सोडलं की आपल्या वजनाने सावकाश खाली सरकायला हवं.

आता कव्हर: १९५ + दोन्हीकडची उंची ७० + पुठ्ठ्याच्या काठाचे ४ + आत दुमडायला ३० = २९९ मिमी. कागदाची रुंदी ३०५. बसतं, पण जेमतेम! झाकण याहून उंच करू नका.

ए५ पुस्तिका २१० मिमी लांब, या खोक्यात जाणारच नाही. १४८ × १४८ चौरस करा.

ओलसर_पुठ्ठा
खोलगटपणाचं कारण पाणी. फेविकॉलच्या ओलाव्याने कागद ताणतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. मुंबईच्या पावसाळ्यात पुठ्ठा आधीच दमट असतो, मग विचारायलाच नको. गोंद पातळ करायचा मोह टाळा. जाडच ठेवा, रोलरने पातळ थर द्या. कागदाचा आणि पुठ्ठ्याचा धागा, म्हणजे तंतूंची दिशा, एकच हवी (कागदाची पट्टी भिजवा, ती ज्या रेषेभोवती गुंडाळते तो धागा). आणि झाकणाच्या आतून त्याच जाडीच्या कागदाचं अस्तर लावा, म्हणजे ओढ दोन्हीकडून सारखी होते. वाळवताना वरची पट्टी सपाट राहील असं वजन ठेवा, २४ तास. ओला खोका बंद करून ठेवलात तर बुरशी ठरलेली.

सोंगटी४२
अस्तर लावून पाहिलं. मध्ये चिकटतं, कडेला सुटतं. कव्हरवर मॅट लॅमिनेशन आहे.

ओलसर_पुठ्ठा
तेच. आत दुमडलेल्या १५ मिमी पट्टीवर लॅमिनेशन येतं आणि पांढरा फेविकॉल प्लास्टिकवर धरत नाही. अस्तर फक्त वरच्या पट्टीवर लावा, भिंतींवर चढवूच नका. कव्हरच्या कोपऱ्यांतही तीच अडचण: एकावर एक येणारा भाग २–३ मिमीच ठेवा, बाकी कापून टाका. पण लॅमिनेशन काढू नका, ते नसेल तर घडीवर टोनर (डिजिटल छपाईची शाई) तडकून पांढरी रेघ उमटते.

कटरवाला
आतल्या कप्प्यांचंही सांगतो. आत उंची ४० मिमी, त्यातून पट ९ आणि पुस्तिका २ वजा. उरले २९, कप्प्याच्या भिंती त्याहून २ कमी, २७ मिमी करा. खोका उभा ठेवला तरी सोंगट्या उड्या मारून पत्त्यांत जात नाहीत. पत्त्यांचा कप्पा ६७ × ९२, खाली ८ मिमीची पायरी, एका बाजूला अंगठ्यापुरती खाच. भिंतींना १ मिमी पुठ्ठा पुरे.

कप्पा बोर्ड अब्दुल रहमान स्ट्रीटवर बघा. गर्दीच्या लोकलमधून आख्खा ताव आणण्यापेक्षा तिथेच मोठे तुकडे पाडून घ्या. विकणार असाल तर खोक्याच्या खालच्या बाजूला एमआरपी, नग, महिना-वर्ष आणि तुमचा पत्ता यांना आत्ताच जागा सोडा. शिवाय १४ वर्षांखालच्या मुलांचा खेळ असेल तर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) नियम छपाईआधी तपासा.