मदत हवी आहे : 'बू झोंग यी ची' या चिनी गोळ्या कोणी घेतल्या आहेत का?

खमंग_काकडी

नमस्कार मंडळी. आम्ही सिंगापूरला असतो. मध्यंतरी मला डेंग्यू झाला होता. ताप गेला, प्लेटलेट्स वर आल्या, पण अंगातली मरगळ काही हटत नाही. सकाळी उठते तीच दमलेली. दोन घास जास्त झाले की पोट डब्ब होतं, आणि जेवणानंतर डोळे उघडे ठेवणं मुश्कील. डॉक्टर म्हणाले, व्हायरलनंतरचा थकवा आहे, जाईल हळूहळू.

ऑफिसमधली चिनी मैत्रीण तिच्या नेहमीच्या टीसीएमवाल्या (म्हणजे पारंपरिक चिनी वैद्यक) बाईंकडे घेऊन गेली. बाईंनी जीभ पाहिली (कडांवर दातांचे ठसे आहेत म्हणे), दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली आणि सांगितलं, "स्प्लीन कमजोर आहे, ची खाली घसरली आहे." (ची म्हणजे त्यांच्या भाषेत अंगातली जीवनशक्ती.) दिल्या 'बू झोंग यी ची वान' नावाच्या बारीक काळ्या गोळ्या, दिवसातून तीनदा आठ-आठ. अजून डबी उघडलेली नाही.

डेंग्यूत प्लीहा वाढू शकते असं वाचलंय, त्यामुळे 'स्प्लीन' ऐकून धास्तावले. सोनोग्राफी करून घेऊ का? मी थायरॉईडची गोळी घेते, तिच्याबरोबर हे चालतं का? शिवाय सासूबाई सध्या इथे आल्या आहेत. त्यांनाही गॅसेस आणि थकवा, त्यामुळे "झाडपाल्याचंच आहे ना, मलाही दे गं चार" असं चाललंय. त्यांना बीपी आहे, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली गोळी चालू आहे. कट्टर शाकाहारी आहेत, तेही लक्षात घ्या.

'हे सोडा, आयुर्वेदिक घ्या' एवढंच सांगणारे प्रतिसाद नकोत, प्लीज.

निशिकासाई

आमच्याकडे तोक्योत हेच औषध 'होचुएक्कितो' म्हणून मिळतं. इथे ते साधा एमबीबीएससारखा डॉक्टर लिहून देतो आणि सरकारी विम्यातून पैसे मिळतात. त्सुमुरा कंपनीच्या पाकिटावर ४१ नंबर असतो. इथल्या लोकांना नाव आठवलं नाही तरी नंबर आठवतो. बाळंतपणानंतर माझ्या बायकोला दिलं होतं. जेवणाआधी कोमट पाण्याबरोबर घ्यायची पूड, चव गोडसर-कडवट. भूक लागायला लागली हे खरं. त्याच सुमारास बाळ रात्री झोपायला लागलं हेही खरं, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

मूळ चिनी पाठात आठ वनस्पती आहेत : हुआंग ची (अॅस्ट्रॅगॅलस), जिनसेंग किंवा त्याऐवजी स्वस्तातलं दांग शेन, बाय झू, ज्येष्ठमध, दांग ग्वे, संत्र्याची वाळवलेली साल, शंग मा आणि छाय हू. जपानी पाठात आलं आणि लाल बोरं (खजुरासारखी दिसतात ती) यांचीही भर असते.

जुनी_वही

या गोळ्यांचा मूळ काढा ज्याने बांधला त्या चिनी वैद्य ली दोंगयुआनची (११८०–१२५१) गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. थोडं अवांतर होईल, चालवून घ्या. १२३२ साली मंगोलांनी चीनमधल्या काईफंग शहराला वेढा घातला. वेढा उठल्यावर शहरात माणसं पटापट मरू लागली. बारा वेशी होत्या, आणि प्रत्येक वेशीतून रोज हजार ते दोन हजार प्रेतं बाहेर जात होती असं तो लिहितो. बाकीचे वैद्य ही बाहेरून आलेल्या थंडीची बाधा समजून घाम काढायची, रेचाची औषधं देत होते. ली म्हणाला, ही माणसं भीतीने, कष्टाने आणि उपासमारीने आतून खचलेली आहेत, आणि वेढा उठताच पोटभर जेवल्यामुळे उरलीसुरली पचनशक्तीही गेली. यांना अजून रिकामं काय करता?

त्याचा 'पी वेई लुन' हा ग्रंथ १२४९चा. 'पी' म्हणजे प्लीहा आणि 'वेई' म्हणजे जठर, पण ही 'पी' सर्जनच्या टेबलावरची प्लीहा नाही. खाल्लेल्याचं बळात रूपांतर करणारी सगळी यंत्रणा त्यांनी तिच्या नावावर टाकली आहे. काकडीताई, बाईंनी तुमच्या पोटाच्या डाव्या बाजूच्या अवयवाबद्दल काहीच सांगितलेलं नाही. 'ची घसरली' याचा उपायही त्याच काढ्यात आहे. हुआंग ची सर्वात जास्त, आणि शंग मा व छाय हू अगदी थोडे, कारण त्यांचं काम खाली गेलेलं वर उचलणं. म्हणून चिनी वैद्य अंग बाहेर येण्याच्या तक्रारीतही हाच काढा देतात.

वाटीभर_चूर्ण

वैद्य आहे, पण घाबरू नका, 'आयुर्वेदिक घ्या' म्हणणार नाही. :) आमच्याकडे याला अग्निमांद्य म्हणतील आणि दीपन-पाचनाने सुरुवात करतील. विचार फार लांबचा नाही. शाकाहाराचं म्हणाल तर आठही वनस्पतीच आहेत. हुआंग ची अनेकदा मधात परतलेली असते आणि जुन्या पद्धतीच्या मोठ्या गोळ्या मधात वळतात. कॅप्सूल असेल तर जिलेटिन आहे का ते मात्र पाहा. जैन पद्धतीने कंदमूळ वर्ज्य असेल तर सगळंच बाद, कारण यात मुळंच मुळं आहेत.

सासूबाईंबद्दल माझं मत : नको. कारण ज्येष्ठमध. सविस्तर कोणी अॅलोपॅथीवाल्याने लिहावं.

रात्रपाळी

लिहितो. एमडी मेडिसिन आहे, ड्यूटीवरूनच टंकतोय.

ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला अडवतं. त्या एन्झाइमचं काम तिथल्या कॉर्टिसॉलला निष्प्रभ करण्याचं. ते थांबलं की कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनसारखं वागू लागतं : मीठ-पाणी अंगात साठतं, बीपी चढतं, पायावर सूज येते आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. क्लोरथॅलिडोनही पोटॅशियम बाहेर काढतं. दोन्ही बाजूंनी गळती लागली तर स्नायूंत अशक्तपणा येतो आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. गंमत म्हणजे त्या अशक्तपणाला लोक 'अजून थकवा आहे' समजून आणखी आठ गोळ्या घेतात. या काढ्यातलं प्रमाण एकट्याने पाहिलं तर फार नसतं, पण घसा बसला म्हणून दिवसभर ज्येष्ठमधाची काडी चघळणारी, वर खोकल्याचं हर्बल सिरप पिणारी मंडळी मी पाहिली आहेत. सगळ्याची बेरीज होते. सासूबाईंना देऊ नका.

वाचणाऱ्या इतरांसाठी : वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असेल तर दांग ग्वे आणि जिनसेंग दोन्ही त्यात गडबड करू शकतात. मधुमेहाच्या औषधांवर असाल तर जिनसेंगने साखर खाली जाऊ शकते. गर्भारपणात स्वतःच्या मनाने घेऊ नका.

काकडीताई, थायरॉईडची गोळी पहाटे उपाशीपोटीच राहू द्या. चिनी गोळ्याही रिकाम्या पोटी घ्यायच्या असतात, म्हणून टक्कर होते. मध्ये चारेक तास ठेवा, आणि दोन्ही चालू असतील तर टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) पुन्हा तपासा. खरं तर डबी उघडण्याआधीच रक्त तपासा : हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, टीएसएच, साखर, यकृताची एन्झाइम्स. तुम्हीही शाकाहारी असाल तर बी१२वर माझा पहिला संशय. ते कमी निघालं तर ली दोंगयुआन स्वतः आले तरी काढ्याने भरून निघणार नाही.

काढ्याचा उपयोग होतो का? थकवा आणि भुकेवर जपानात-चीनमध्ये अभ्यास झाले आहेत, बरेचसे लहान. मी कोणाला लिहून देत नाही, पण तपासण्या नीट असतील आणि ठराविक मुदतीसाठी कोणी घेत असेल तर भांडतही नाही.

बुकित_तिमाही

सिंगापूरकरांसाठी एक गोष्ट. इथे टीसीएम डॉक्टरांची नोंदणी कायद्याने होते, त्यांच्या मंडळाच्या साइटवर नाव टाकलं की कळतं. तयार गोळ्या एचएसएच्या (इथली सरकारी औषध नियंत्रण संस्था) यादीत असाव्या लागतात. डबीवर घटक इंग्रजीत छापलेले नसतील तर परत करा. आणि दोन दिवसांत चमत्कार झाला, सांधेदुखीही पळाली, भूक वाघासारखी, असं झालं तर खूश होऊ नका. स्टेरॉइड मिसळलेला माल इथे वेळोवेळी पकडला जातो. इंटरनेटवरून मागवलेल्यांत जास्त.

खमंग_काकडी

सगळ्यांचे मनापासून आभार. सोनोग्राफीचं भूत उतरलं. बाईंचं नाव नोंदणीत सापडलं, डबीवर आठही नावं इंग्रजीत आहेत. उद्या रक्त द्यायला जाते. सासूबाईंना पोटॅशियमचं समजावलं, तर म्हणाल्या, "मग ती सुपाची पाकिटं?" सुपरमार्केटात दांग ग्वे, दांग शेन घातलेली सुपाची तयार पाकिटं मिळतात, त्यातलं एक त्यांनी भाज्या घालून उकळायला आणून ठेवलंय. @रात्रपाळी, त्याचं काय करू?

रात्रपाळी

पाकिटावर 'लिकरिस' किंवा 'गान त्साओ' (म्हणजे ज्येष्ठमधच) आहे का बघा. नसेल तर एखाद्या वेळी वाटीभर चालेल. असेल तर तुमच्या मैत्रिणीला देऊन टाका. आणि सासूबाईंचं सोडियम-पोटॅशियम शेवटचं कधी तपासलं ते विचारा. त्या गोळीवर ते अधूनमधून बघायचंच असतं. उद्या तुमच्याबरोबर त्यांचंही रक्त देऊन या.