मदत हवी आहे: मॅकवर व्हर्च्युअल कॅमेरा एकाच ॲपमध्ये दिसत नाही

माझा जुना आयमॅक मॅकओएस १२ च्या पुढे जात नाही. त्यावर ओबीएस या व्हिडिओ रेकॉर्डिंग व प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरचा व्हर्च्युअल कॅमेरा (ओबीएसमधले दृश्य इतर ॲपना कॅमेरा म्हणून देणारी सोय) ब्राउझरमध्ये दिसतो; पण ज्या व्हिडिओ कॉल ॲपवर मी दहावीची भूमिती शिकवते, त्याच्या यादीत फक्त ‘फेसटाइम एचडी कॅमेरा’ येतो. हा कॅमेरा पुरवणारे जुन्या पद्धतीचे डीएएल प्लगइन (जोड-कोड) थेट ॲपच्या प्रक्रियेत लोड होते आणि लायब्ररी व्हॅलिडेशन (लोड होणाऱ्या कोडवरची डिजिटल स्वाक्षरी तपासणे) चालू असलेले ॲप परक्या स्वाक्षरीचा कोड नाकारते, हे कारण समजले. ॲपची स्वाक्षरी काढण्याचा उपाय मला नको आहे. विद्यार्थ्यांचे कॉल चालतात त्या संगणकाची सुरक्षा सैल करणे पटत नाही. ॲपबाहेर वेगळ्या प्रक्रियेत चालणारी, म्हणून ही अडचण न येणारी कॅमेरा एक्स्टेन्शन मॅकओएस १२.३ पासून आली, मात्र ओबीएसच्या एक्स्टेन्शनला १३ लागते. १२ वर चालणारे असे दुसरे सॉफ्टवेअर कोणी वापरत असल्यास कृपया सुचवावे.